‘गाडीतच नळी का टाकली नाही?’ : रुग्णवाहिकेतील श्वासमार्गाची काळजी समजून घेताना

‘‘डॉक्टर, गाडीत व्हेंटिलेटर होता, डॉक्टर होते. मग त्यांनी तिथंच नळी का नाही टाकली? सगळ्या रस्त्यात नुसता फुगा दाबत बसले!’’

आपत्कालीन विभागात काम करताना हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या एका गृहस्थांच्या मुलाने तो विचारला, तेव्हा त्याच्या मोबाइलवर तक्रारीचा मजकूर लिहून तयार होता. फक्त पाठवायचा बाकी होता. मी त्याला वडिलांच्या खाटेजवळचा मॉनिटर दाखवला. रुग्ण आमच्याकडे पोहोचला तेव्हा रक्तातील ऑक्सिजन ९६ टक्के होता. तोंडातले रक्त सक्शनने काढलेले होते आणि मानेला कॉलर होती. नळी आम्ही रुग्णालयात टाकली, पण तोपर्यंत मेंदूला ऑक्सिजन पोहोचवत ठेवला तो त्या ‘फुग्याने’च.

तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. पण आलीच, तर रुग्णवाहिकेत काय चालले आहे आणि का, हे तुम्हाला आधीपासून माहीत असलेले बरे. या विषयावरचे वैद्यकीय मत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरेच बदलले आहे. आपल्याकडे मात्र चांगली रुग्णवाहिका म्हणजे व्हेंटिलेटर असलेली गाडी, हाच समज अजून कायम आहे.

श्वासमार्ग बंद कसा होतो?

नाक-तोंडापासून घशातून श्वासनलिकेपर्यंतची वाट म्हणजे श्वासमार्ग. शुद्धीवर असलेला माणूस ही वाट स्वतः मोकळी ठेवतो. घशात काही गेले तर ठसका लागतो, लाळ गिळली जाते. माणूस बेशुद्ध पडला की हे पहारे उठतात. स्नायू सैल पडतात आणि उताणे झोपवलेले असेल तर जिभेचा मागचा भाग घशावर पडून वाट अडवतो. पोटातले अन्न वर आले तर ते फुप्फुसात उतरू शकते. जीभ कोणी ‘गिळत’ नाही, ती फक्त मागे पडते. म्हणूनच हनुवटी वर उचलणे किंवा रुग्णाला कुशीवर वळवणे एवढ्यानेही ती पुढे येते आणि घोरल्यासारखा आवाज थांबतो.

श्वास पूर्ण थांबला तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. आपल्या रस्त्यांवर एवढ्या वेळात रुग्णवाहिका येणे शहरातही कठीण, मग घाटातल्या किंवा वाडीवस्तीवरच्या घराबद्दल बोलायलाच नको.

रुग्णवाहिकेत कोणकोणते उपाय असतात?

पहिली पायरी हातांची : डोके व हनुवटी नीट ठेवणे, अपघातात मान न हलवता जबडा पुढे उचलणे, तोंडातली उलटी व रक्त सक्शन यंत्राने काढणे.

दुसरी पायरी अंबू बॅग. नातेवाईक जिला ‘फुगा’ म्हणतात ती हीच. तोंडा-नाकावर मास्क घट्ट धरून पिशवी दाबली की ऑक्सिजन फुप्फुसात जातो. दिसायला सोपे, पण मास्कच्या कडेने हवा निसटू न देता हे करणे कौशल्याचे काम आहे. दोघांनी मिळून केले तर जास्त चांगले जमते, एकाने मास्क धरायचा आणि दुसऱ्याने पिशवी दाबायची.

तिसरी पायरी आय-जेल किंवा एलएमए यांसारखी साधने. ती श्वासनलिकेत जात नाहीत, तिच्या तोंडावर बसतात. ती बसवायला कमी वेळ लागतो आणि स्वरयंत्र डोळ्यांनी दिसावे लागत नाही.

चौथी पायरी इंट्युबेशन, म्हणजे लॅरिंगोस्कोपने स्वरयंत्र पाहून श्वासनलिकेत नळी टाकणे. फुप्फुसात उलटी जाऊ न देण्याचा हा सर्वांत भरवशाचा उपाय. पण तो करताना काही वेळ श्वास देणे थांबवावे लागते. रुग्ण पूर्ण बेशुद्ध नसेल तर भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध द्यावे लागते, त्याने रक्तदाब कोसळू शकतो. आणि शिथिल केल्यावर नळी गेलीच नाही, तर रुग्णाचा स्वतःचा उरलासुरला श्वासही आपणच बंद केलेला असतो.

नळी चुकीच्या जागी गेली तर?

श्वासनलिकेच्या मागेच अन्ननलिका असते. नळी तिच्यात गेली तर ऑक्सिजन पोटात जातो. हे लगेच लक्षात आले तर नळी काढून पुन्हा फुग्याने श्वास देता येतो. लक्षात आले नाही, तर रुग्ण काही मिनिटांत दगावतो.

ही भीती पुस्तकी नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात रुग्णवाहिकेत नळी टाकून आणलेल्या १०८ रुग्णांची तपासणी झाली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७ जणांची नळी चुकीच्या जागी आढळली, बहुतेकांची अन्ननलिकेत. त्याच भागातला पुढचा अभ्यास २००५ मध्ये आला. ज्या रुग्णांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कॅप्नोग्राफ यंत्राने सतत मोजला जात होता, त्यांच्यापैकी एकाचीही चुकीची नळी नजरेतून सुटली नाही. ज्यांचा मोजला नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. नळी टाकली एवढ्याने भागत नाही. ती योग्य जागी आहे याची यंत्राने खात्री केली का, हा खरा प्रश्न आहे.

हृदय बंद पडलेल्या रुग्णांबद्दल काय आढळले?

२०१८ मध्ये तीन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. तिन्ही रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या प्रौढांवरचे होते.

अमेरिकेत ३,००४ रुग्णांपैकी काहींना लॅरिंजियल ट्यूब हे घशात बसणारे साधन, तर काहींना श्वासनलिकेतली नळी देण्याचे धोरण ठेवले. ७२ तासांनंतर पहिल्या गटातले १८.३ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले १५.४ टक्के. इंग्लंडमध्ये ९,२९६ रुग्णांत आय-जेल आणि नळी यांची तुलना झाली. चांगल्या अवस्थेत बरे झालेले रुग्ण आय-जेलच्या गटात ६.४ टक्के आणि नळीच्या गटात ६.८ टक्के, म्हणजे फरक नाही असेच म्हणावे लागेल. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये २,०४३ रुग्णांत साधा फुगा व मास्क यांची नळीशी तुलना केली. तिथे नळी टाकणारे डॉक्टरच होते. २८ दिवसांनी चांगल्या अवस्थेत असलेले रुग्ण ४.३ आणि ४.२ टक्के निघाले. मात्र फुग्याच्या गटात पोटातले वर येण्याचे प्रमाण दुप्पट होते, हेही विसरू नका. फुगा म्हणजे निर्धोक उपाय नव्हे.

लहान मुलांबद्दलचा अभ्यास त्याआधीचा आहे. कॅलिफोर्नियातल्या ८३० मुलांवरचा हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. फुग्याने श्वास दिलेली ३० टक्के आणि नळीच्या गटातली २६ टक्के मुले वाचली. नळीचा जास्त फायदा दिसला नाही.

हृदय बंद पडलेले असते तेव्हा छातीवरचे दाब न थांबणे सर्वांत महत्त्वाचे. नळीच्या खटपटीत ते थांबत असतील, तर नळी नुकसानच करते.

मग नळी कधीच टाकू नये का?

असा अर्थ काढू नका. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात डोक्याला गंभीर मार लागलेल्या ३१२ प्रौढांचा अभ्यास २०१० मध्ये आला. प्रशिक्षित पॅरामेडिकनी औषधे देऊन घटनास्थळीच नळी टाकलेल्या रुग्णांपैकी ५१ टक्के सहा महिन्यांनी चांगल्या अवस्थेत होते. रुग्णालयात नळी टाकलेल्यांपैकी ३९ टक्के. म्हणजे इथे नळीचा फायदा झाला.

याउलट, अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये डोक्याला मार लागलेल्यांसाठी असाच उपक्रम राबवला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण पूर्वीच्या तशाच रुग्णांपेक्षा जास्त निघाले. नळी टाकताना ऑक्सिजन घसरणे आणि नंतर गरजेपेक्षा भराभर श्वास देणे ही त्यामागची दोन कारणे पुढे आली.

उपचार एकच, आजार एकच, निकाल उलटे. फरक पडतो तो हातांच्या सरावाने, सोबतच्या यंत्रांनी आणि नळी टाकल्यावर घेतलेल्या काळजीने. भूलतज्ज्ञ नळी टाकण्याचे काम जवळजवळ रोज करतात. ज्याच्यावर ही वेळ क्वचित येते, त्याने रस्त्याकडेला, मोबाइलच्या उजेडात, भोवती गर्दी असताना ते करून दाखवावे अशी अपेक्षा ठेवताना आपण विचार केला पाहिजे. शिकाऊ असताना मीही ‘आता जाईलच’ म्हणत तिसऱ्यांदा प्रयत्न केला आहे आणि मॉनिटरवरचा आकडा खाली जाताना पाहिला आहे. शेवटी वरिष्ठांनी माझा हात बाजूला करून फुगा हातात घेतला. तो धडा मी विसरलो नाही.

महाराष्ट्रातले चित्र

राज्यात १०८ क्रमांकाची सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, ती ९३७ रुग्णवाहिकांसह. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक म्हणजे एएलएस होत्या आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक म्हणजे बीएलएस. गाडीत डॉक्टर असणे हे या सेवेचे वेगळेपण. यांतले बरेच डॉक्टर आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानी शाखेचे पदवीधर असतात आणि आपत्कालीन कामाचे प्रशिक्षण घेऊन गाडीवर जातात.

या आकड्यांकडे नीट पाहा. चारपैकी साधारण तीन गाड्या मूलभूत प्रकारच्या. तुमच्या दारात जी येण्याची शक्यता जास्त, तिच्यात व्हेंटिलेटर नसेल. पण ऑक्सिजन, सक्शन आणि अंबू बॅग यांवर पुष्कळ जीव तगतात, असेच वरचे अभ्यास सांगतात. गाड्या वाढवण्याची चर्चा होते तेव्हा म्हणूनच किती गाड्या एवढेच विचारून भागणार नाही. सक्शन यंत्र चालू आहे का? लहान मुलांच्या मापाचे मास्क आहेत का? आय-जेल सर्व मापांत आहे का? नळी टाकली जाते त्या प्रत्येक गाडीत कॅप्नोग्राफ आहे का? डॉक्टरांचा सराव किती महिन्यांनी पुन्हा घेतला जातो? लोकार्पणाच्या फलकावर हे प्रश्न नसतात, पण ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत ते विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

दोन प्रसंग, जिथे श्वासच सर्वकाही

पहिला मण्यारचा दंश. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. काही तासांत पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, थुंकी गिळता येत नाही. मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सर्पविषावरची लस द्यायलाच हवी, पण मण्यारच्या विषाने आलेला लुळेपणा तिने लगेच उतरत नाही. तोपर्यंत श्वास बाहेरून देत राहिला, तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो.

इथे धोका असतो तो एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे नेताना. ‘जिल्ह्याला न्या’ असे सांगितले गेले, तर निघण्यापूर्वी शांतपणे विचारा : ‘‘वाटेत श्वास जड झाला तर गाडीत अंबू बॅग आहे का? ती दाबणारा प्रशिक्षित माणूस सोबत येतो आहे का? रस्ता लांबचा आहे, नळी इथेच टाकून पाठवणे बरे का?’’ लांबच्या प्रवासात प्रकृती ढासळण्याची शक्यता दिसत असेल, तर उजेडात, खाटेवर, मदतनीस असताना टाकलेली नळी धावत्या गाडीतल्या नळीपेक्षा केव्हाही सुरक्षित. साधी खासगी जीप करून अशा रुग्णाला नेऊ नका.

दुसरा प्रसंग शेतातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेचा. काही कीटकनाशकांमुळे तोंडाला फेस येतो, फुप्फुसात स्राव साठतो आणि माणूस स्वतःच्याच स्रावात गुदमरतो. अशा वेळी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. रुग्णाला डाव्या कुशीवर ठेवा, औषधाने भिजलेले कपडे काढा आणि औषधाचा डबा सोबत न्या. कपडे काढताना हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा.

रुग्णवाहिका येईपर्यंत तुम्ही काय कराल?

१. हाक मारा, खांदा हलवा. प्रतिसाद नसेल तर १०८ किंवा ११२ ला फोन करून स्पीकर चालू ठेवा. ‘बेशुद्ध आहे’ आणि ‘श्वास नीट नाही’ हे दोन शब्द आधी सांगा, पत्ता खुणेसह सांगा.

२. श्वास नसेल, किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तशी मधूनमधून आचके दिल्यासारखी धडपड असेल, तर तो श्वास समजू नका. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, प्रौढात पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्या. सामान्य माणसाने तोंडाने श्वास न देता केवळ छाती दाबली तरी चालेल, असे भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये आखलेली पद्धत सांगते. बुडालेली व्यक्ती आणि लहान मुले यांना मात्र शक्य असेल तर श्वासही द्यावा.

३. श्वास चालू पण शुद्ध नाही, तर कुशीवर वळवा. उशी काढा, तोंड किंचित खाली असू द्या. अपघातात डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून वळवा. मानेची काळजी घ्यायचीच, पण उलटीने गुदमरणाऱ्या माणसाला मानेच्या भीतीने उताणे ठेवू नका.

४. तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, चहा नाही, साखर नाही, फिट आली तर चमचा नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ जातो, उपयोग शून्य. सैल कवळी दिसत असेल तर काढा. घशात न दिसणाऱ्या गोष्टीसाठी बोट घालू नका, ती आणखी आत सरकते.

५. घास अडकला आणि माणूस खोकू शकत असेल, तर त्याला खोकू द्या. आवाज फुटत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा द्या, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर झटके द्या, आणि हे आलटून पालटून करा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या सूचना बदलून प्रौढ व मुलांसाठी आधी पाठीवर थापा असा क्रम सांगितला. युरोपात थापा आधीपासूनच होत्या. एक वर्षाखालच्या बाळाचे पोट कधीही दाबू नका. पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब द्या. गरोदर स्त्रीच्याही पोटाऐवजी छातीवर दाब द्या. शुद्ध हरपली तर जमिनीवर झोपवून सीपीआर सुरू करा.

रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मदत करताना पोलीस, कोर्टाची भीती बाळगू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातले कलम १३४-अ सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देते.

गाडी आल्यावर

कधी पडले, शेवटचे काय खाल्ले, दमा, मधुमेह किंवा कोणती औषधे चालू आहेत, हे एकानेच सांगा. बाकीच्यांनी गर्दी हटवावी. ‘नळी टाका’ असा आग्रह धरू नका आणि ‘नळी नको’ म्हणून अडवूही नका. पुढे शंका राहिली तर रुग्णालयात विचारा : गाडीत ऑक्सिजन किती होता? नळी टाकली असेल तर किती प्रयत्नांत गेली, आणि खात्री कशाने केली? या प्रश्नांना नोंदीसह उत्तर मिळायला हवे. मिळाले नाही तर तक्रार जरूर करा. ती योग्य तक्रार असेल.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाने आपला मजकूर पाठवला नाही. त्याचे वडील काही आठवड्यांनी घरी गेले. उजव्या हातात अजून जोर कमी आहे, पण ते बोलतात, चालतात. पुढे कळले की, गाडी येण्याआधी शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याने त्यांना कुशीवर वळवून धरले होते, तोंडातले रक्त बाहेर वाहू दिले होते आणि पाणी पाजायला आलेल्याला अडवले होते. त्याने हे कुठल्या तरी गणेश मंडळाच्या प्रथमोपचार शिबिरात पाहिले होते.

तुमच्या सोसायटीत, मंडळात, शाळेत असे शिबिर झाले आहे का? नसेल, तर जवळच्या रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करा. एका दुपारीत हे शिकता येते.

*हा लेख माहितीसाठी आहे. आपत्कालीन प्रसंगी वाचत बसू नका, १०८ किंवा ११२ ला फोन करा.*